पायरीचे अठरा सांधे

दुकानदाराने "ही घ्या नऊ इंची पायरी" म्हणून प्लॅस्टिकची एक वस्तू पुढे सरकवली आणि निरीक्षकसाहेबांनी खिशातून टेप काढली. टेप ते कायम खिशात ठेवत. काही माणसं रुमाल ठेवतात, तशी. पायरी भरली पावणेनऊ इंच.

"ही पावणेनऊ आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, पाव इंचाने काय होतंय? आजीबाईंना पाय ठेवायचाय, रॉकेट नाही उडवायचं."

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसासमोर बोलायचं हे वाक्य नव्हे. साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली होती. त्यांच्या नुसत्या चाहुलीने बाजारातले तराजू सरळ व्हायचे. पाव इंचाने काय होतं, हे त्या दुकानदाराला त्यांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं. मागे तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती. चौथं निघून गेलं. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "मग साहेब, तुम्हीच करा की एखादी."

"करीन! लोखंडाची करीन! आणि नऊ म्हणजे नऊ इंच!"

शेजारी उभ्या असलेल्या बायकोने डोळे मिटून घेतले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. नवरा कधी पेटतो आणि पेटल्यावर कधी विझतो, याचा तिला अंदाज होता. तो अंदाज साधारण दीड महिन्याचा होता.

पायरी हवी होती आईसाठी. आईचं वय ब्याऐंशी, गुडघे त्याहून जुने. तिचा पलंग खाली कप्पे असलेला, चांगला उंच. पाय कापून बुटका करावा तर त्याला पायच नाहीत, नुसती पेटी. आधी ती एका लाकडी पाटावर चढून पलंगावर बसायची. तो पाट एकदा सरकला आणि आई खाली बसली ती सूनबाई धावत येईपर्यंत तिथेच. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी बजावलं की पायरी भक्कम हवी आणि धरायला दांडा हवा. तेव्हापासून रोज दोन वेळा, दुपारी नि रात्री, मुलगा आणि सून दोन्हीकडून धरून तिला वर चढवत होते. आईला त्याचा संताप यायचा. "मला पोत्यासारखं उचलू नका," ती म्हणायची, "पोत्याला निदान विचारत तरी नाहीत 'लागलं का' म्हणून." हल्ली तर ती चढवावंच लागू नये म्हणून दुपारभर खुर्चीतच बसून राहायला लागली होती, मान कलती करून. ते बघून साहेबांना वाईट वाटायचं. पण वाईट वाटलं की साहेब रागावत, कारण दुसरं काय करायचं हे त्यांना कधी कोणी शिकवलं नव्हतं.

तर पायरी. साहेबांनी तिचा नकाशा काढला. चार पाय, वरच्या चौकटीचे चार तुकडे, खाली पायांना बांधून ठेवणाऱ्या चार आडव्या पट्ट्या आणि धरायला एक वाकवलेला दांडा. एकूण तेरा तुकडे. सांधे अठरा. वर फळी. लोखंडाच्या दुकानातून चौकोनी नळी त्यांनी अशी कापून घेतली की कापणारा माणूस शेवटी म्हणाला, "साहेब, आता माझं पातंच एवढं जाड आहे, त्याहून बारीक फरक मी कुठून काढू?" घरी येऊन त्यांनी तेरा तुकडे जमिनीवर मांडले, प्रत्येकाला पेन्सिलीने नंबर घातला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"वा," बायको म्हणाली. "आता हे एकमेकांना चिकटणार कसे?"

 मापाचा विचार साहेबांनी एवढा केला होता की जोडण्याचा विचार करायला जागाच उरली नव्हती. पण हे कबूल कोण करणार?

"त्याच्या पुष्कळ पद्धती आहेत," ते म्हणाले.

"त्यातली एक म्हणजे बाहेरून जोडून आणणे," बायको म्हणाली.

हे बोलायला नको होतं. कारण एव्हाना आईने फोनवरून दोन्ही मुलींना, दूधवाल्याला आणि रक्त तपासायला आलेल्या बाईंनासुद्धा सांगून ठेवलं होतं की माझा मुलगा माझ्यासाठी स्वतःच्या हाताने लोखंडी पायरी करतोय. आता बाहेरून जोडून आणणं म्हणजे परीक्षेला दुसऱ्याला बसवणं.

पद्धती पुष्कळ आहेत ही बातमी इमारतीत पसरायला संध्याकाळ पुरली. सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरचे रेडिओवाले काका उतरले. काकांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले होते. आता रेडिओ कोणी ऐकत नव्हतं, त्यामुळे काकांचं ज्ञान तुंबून राहिलं होतं आणि वाट मिळेल तिकडे वाहत होतं.

"झाळून टाकायचं," काका म्हणाले. "डाग द्यायचा. कथील वितळवायचं, सांध्यात सोडायचं, संपलं. मी आयुष्यात लाखभर सांधे केले असतील, एकाने तक्रार केली नाही."

ते सांधे केसाएवढ्या तारांचे होते आणि तक्रार करायची झाली तरी ती रेडिओ करणार, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही. काका आपलं पेन्सिलीएवढं तापतं यंत्र घेऊन आले. ते नळीला टेकवलं की नळी त्याची सगळी ऊब पिऊन टाकायची आणि स्वतः थंडच राहायची. वितळलेलं कथील तिच्यावरून अळवावरच्या पाण्यासारखं घरंगळून जायचं. तासाभराने काका म्हणाले, "नळीच आधी तापवायला हवी." ती तापवायला दोघं स्वयंपाकघरात गेले.

तिथे काय झालं याच्या दोन हकिगती आहेत. साहेबांच्या मते प्रयोग योग्य दिशेने चालला होता. बायकोच्या मते ती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली तेव्हा तिच्या शेगडीवर लोखंड भाजायला ठेवलेलं होतं, बर्नरमध्ये कथील ओघळलं होतं आणि दोन प्रौढ माणसं वाकून फुंकर मारत होती. शेगडीचा तो बर्नर नंतर कधीच नीट पेटला नाही. पण एक सांधा मात्र जमला. काकांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला. "बघा. पकडलं का नाही?" असं म्हणून त्यांनी तो आईच्या हातात दिला. आईने एक टोक धरलं. दुसरं टोक शांतपणे गळून तिच्या पायाशी पडलं.

"दमला असेल," आई म्हणाली.

काका त्यानंतर ब्रेझिंग नावाच्या प्रकाराविषयी बोलू लागले. त्यात कथलाऐवजी पितळ वितळवायचं असतं आणि आच कितीतरी जास्त लागते. बायकोने फक्त स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. ब्रेझिंग तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आगीशिवाय होणाऱ्या पद्धतींकडे मोर्चा वळवला. कचेरीतल्या एका कारकुनाने सांगितलं होतं की हल्ली असा गोंद मिळतो की एका थेंबाला हत्ती लटकतो. हत्ती लटकवायची गरज कोणाला पडली, हे साहेबांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. गोंदाच्या ट्यूबवर बारीक अक्षरात पुष्कळ मजकूर होता आणि खाली इशारा होता. आयुष्यभर दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाने तो मजकूर चष्मा आणून वाचू म्हणून ठेवून दिला.

बायको बाजारात गेली होती. साहेबांनी चार नंबरच्या नळीला गोंद लावला. ट्यूब जरा जोरात दाबली गेली. नळी निसटू नये म्हणून त्यांनी ती मुठीत घट्ट आवळून धरली आणि मनात तीस आकडे मोजले. एकतिसाव्या आकड्याला मूठ उघडेना.

नेमकी तेव्हाच दाराची घंटा वाजली.

दारात इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. सेक्रेटरी गरीब स्वभावाचे, पण नियमांना जपणारे. आदल्या दिवशीच्या लोखंड भाजल्याच्या वासाबद्दल खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती, ती सौम्य शब्दांत सांगायला ते आले होते. साहेबांनी डाव्या हाताने दार उघडलं. उजव्या मुठीतली दीड फुटी लोखंडी नळी पँटला चिकटू नये म्हणून त्यांनी खांद्याच्या वर उगारून धरली होती. त्यात हात ओढून ओढून चेहरा लाल झालेला.

सेक्रेटरी दोन पायऱ्या मागे उतरले.

"आपण... आपण बसून बोलू," ते म्हणाले.

"या की, बसा ना!" साहेब म्हणाले आणि सवयीप्रमाणे उजव्या हाताने खुर्ची दाखवली. नळी सेक्रेटरींच्या कानाजवळून गेली. सेक्रेटरींना त्या जिन्यावरून इतक्या वेगाने उतरताना यापूर्वी कोणी पाहिलं नव्हतं.

बायकोने घरी आल्यावर नखांचा रंग काढायच्या औषधात मूठ बुडवून ती अर्ध्या तासाने सोडवली. चार नंबरच्या नळीवर साहेबांच्या तळहाताची थोडी कातडी कायमची राहिली. संध्याकाळी सोसायटीची नोटीस आली. तिची एक प्रत खालच्या फलकावर लावलेली होती, जिथे एरवी पाणी कधी येणार हे लिहितात. त्यात लिहिलं होतं: "सभासद क्रमांक अकरा यांनी पदाधिकाऱ्यास लोखंडी नळी दाखवून घरात बसण्यास भाग पाडण्याचा प्रयत्न केला. तरी येत्या रविवारी समितीसमोर हजर राहून खुलासा करावा."

साहेबांनी ती नोटीस चार वेळा वाचली. त्यांच्या नोकरीत ते लोकांकडून खुलासे मागवत. आपल्याकडून कोणी मागवेल ही कल्पनाच त्यांना अंगावर पाल पडल्यासारखी वाटली. "भाग पाडण्याचा प्रयत्न! मी माणसाला बसा म्हणालो! माणसाला बसा म्हणणं हा आता गुन्हा झाला का?"

"हातात नळी घेऊन म्हटलं की होतो," बायको म्हणाली.

रविवारला अजून चार दिवस होते. नोटीस वाचून समोरच्या घरातले विमानवाले सहानुभूती दाखवायला आले. हे गृहस्थ विमानतळावर विमानांच्या देखभालीत होते आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाकडे ते तीस हजार फुटांवरून बघत.

"साहेब, रिव्हेट," ते म्हणाले. "अख्खं विमान रिव्हेटवर उडतं. आग नको, गोंद नको. कोपऱ्याला कोन-पट्टी ठेवा, भोकं पाडा, रिव्हेटचे बुटके खिळे घाला, चिमट्याने दाबा. पण एक लक्षात ठेवा, एका सांध्याला चार. कोन-पट्टीच्या या बाजूला दोन आणि त्या बाजूला दोन. कमी नाही."

हा सल्ला बरोबर होता. त्या सबंध प्रकरणात शेजाऱ्यांकडून आलेला तेवढा एकच सल्ला बरोबर होता, आणि तो फुकट गेला याला केवळ साहेबांचा स्वभाव कारणीभूत आहे.

झालं असं. अठरा सांध्यांना चार म्हणजे बहात्तर रिव्हेट. साहेबांनी पन्नास-पन्नासची दोन पाकिटं मागितली. दुकानात एकच पाकीट शिल्लक होतं, दुसरं उद्या मिळणार होतं. घरी येऊन साहेबांनी पाकीट मोजलं. निघाले एक्केचाळीस. पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. बायकोकडून मोजून घेतलं. एक्केचाळीस.

पावणेनऊ इंच निदान प्लॅस्टिक होतं. हे लोखंड होतं! साहेब पाकीट घेऊन तसेच दुकानात गेले आणि स्वतःची ओळख दिली. दुकानदारीण बाई हसतमुख होती. "तुम्ही वजनमापवाले ना साहेब? मग वजन करून बघा, वजन बरोबर भरेल. आकड्याचं खातं वेगळं असेल." साहेबांनी तिथल्या तिथे तक्रार लिहिली, तीन प्रतींत. आणि जोपर्यंत तक्रारीचा निकाल लागत नाही, तोपर्यंत या दुकानातून किंवा त्या कंपनीचा एकही रिव्हेट घेणार नाही, असं जाहीर केलं. दुसरी कंपनी गावात नव्हती.

मग एक्केचाळीसात अठरा सांधे कसे बसवायचे? एका सांध्याला दोन, म्हणजे पट्टीच्या दर बाजूला एकेक. छत्तीस लागले, पाच उरले. साहेबांना त्यात हिशोबाचा विजय वाटला.

पायरी उभी राहिली! खरोखरच उभी राहिली. नऊ इंच म्हणजे नऊ इंच, चारी बाजूंनी. दांडासुद्धा बसला. साहेबांनी बायकोला, आईला, काकांना आणि विमानवाल्यांना बोलावलं. आई खुर्चीतून उठायला लागली, पण साहेब म्हणाले, "थांब आई, आधी मी चढतो. चाचणी झाल्याशिवाय शिक्का नाही."

विमानवाले वाकून सांध्याकडे बघत होते. "साहेब," ते म्हणाले, "पण इथे तर एकेकच..."

साहेब चढले. एक क्षण सगळं स्थिर होतं. मग पायरी हळूहळू, अगदी अदबीने, डावीकडे कलायला लागली. ती मोडली नाही, तिचा एकही सांधा तुटला नाही. एका खिळ्यावर टांगलेली फोटोची चौकट जशी फिरते, तसे अठराच्या अठरा सांधे एकदम फिरले, आणि सगळी पायरी मिटणाऱ्या वहीसारखी आडवी होऊन जमिनीला टेकली. साहेबही टेकले. फक्त त्यांचा उजवा पाय वहीच्या आत राहिला.

"विमानात चार असतात," विमानवाले म्हणाले.

घोटा मुरगळला. डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टी बांधून ठेवायला सांगितली. त्या दिवसापासून बायकोला दोन माणसांना पलंगावर चढवावं लागायला लागलं, आणि मदतीला कोणी नव्हतं कारण मदत करणाराच आता चढवण्याच्या यादीत होता. कचेरीत रजेचा अर्ज द्यावा लागला. त्या अर्जात "अपघाताचे कारण" असा रकाना होता. साहेबांनी लिहिलं, "पायरीवरून पडलो." अर्ज परत आला. वरच्या साहेबांनी लाल शाईत विचारलं होतं, "कचेरीची पायरी की घरची? कचेरीची असल्यास दुरुस्तीचा प्रस्ताव का पाठवला नाही?" साहेबांनी लिहिलं, "घरची." पुन्हा परत आला. "घरची असल्यास पायरीस जबाबदार कोण?" या प्रश्नावर साहेब एक सबंध दुपार पाय उशीवर ठेवून बघत बसले. शेवटी त्यांनी लिहिलं, "अर्जदार." एकतीस वर्षांत स्वतःविरुद्ध त्यांनी लिहिलेला हा पहिला शेरा होता.

रविवारी काठी टेकत ते समितीपुढे गेले. नळीचा खुलासा दहा मिनिटांत झाला. तळहात दाखवल्यावर सेक्रेटरींचे डोळेसुद्धा पाणावले. पण साहेबांनी त्याच बैठकीत घरात वेल्डिंग करण्याची परवानगी मागितली. आता वेल्डिंगवाचून गत्यंतर नव्हतं. लोखंडाला लोखंड वितळवूनच जोडायला हवं, एवढं त्यांना घोट्याने शिकवलं होतं. समितीत दीड तास चर्चा झाली. वेल्डिंग हे "आगीचं काम" की "विजेचं काम", यावर दोन तट पडले. आगीचं म्हणावं तर वाळूच्या बादल्या लागतात, विजेचं म्हणावं तर बादल्या चालत नाहीत. शेवटी ठरलं की अर्जदाराने वेल्डिंग येत असल्याचा दाखला आणावा, मग विचार होईल.

"आणि आईने तोवर काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

समितीने पुढचा विषय घेतला.

पट्टी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तेरा तुकड्यांचं गाठोडं घेऊन साहेब एका वेल्डरबाईच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे रस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड. बाहेर अर्धवट झालेली फाटकं भिंतीला टेकून उभी. बाई पंचेचाळिशीची, मनगटापर्यंत चामड्याचे हातमोजे, कपाळावर वर सारलेला काळा मुखवटा. तिने गाठोडं उघडून नळ्या बघितल्या. रिव्हेटची भोकं बघितली, कथलाचे डाग बघितले, चार नंबरच्या नळीवरची कातडी बघितली.

"हिला कोणी मारलं?" तिने विचारलं.

साहेबांनी थोडक्यात सांगितलं. थोडक्यात सांगायलाही पाऊण तास लागला.

"माप मात्र फर्मास आहे," बाई म्हणाली. "ठेवून जा. तासाभरात जोडून देते."

तासाभरात! सबंध महिना, एक बर्नर, एक तळहात, एक घोटा आणि एक नोटीस. आणि ही बाई म्हणते तासाभरात. साहेबांनी रागाने गाठोड्यावर हात ठेवला.

"मला जोडून नको," ते म्हणाले. "मला शिकवा."

बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. "कशाला?"

"माझ्या आईला सगळ्यांना सांगून ठेवायची सवय आहे."

बाईने दुसरा मुखवटा काढून त्यांच्या हातात दिला.

रोज संध्याकाळी कचेरी सुटली की साहेब शेडमध्ये जायला लागले. पहिले चार दिवस पायरीला हात लावायचा नाही, नुसत्या भंगार पत्र्यावर सरळ रेघ मारायची. वेल्डिंगची कांडी लोखंडाला टेकवली की ठिणगी पडायची आणि कांडी तिथेच चिकटून बसायची. साहेब ती ओढायचे, ती येत नसे. "तिला घाबरू नका, तिच्यावर रागावूही नका," बाई म्हणायची. "हात स्थिर. माणूस रागावला की हात थरथरतो. तुमचा सारखाच थरथरतोय, काय सारखे रागावलेले असता का?"

साहेब या प्रश्नावर रागावले. कांडी पुन्हा चिकटली.

सहाव्या दिवशी पायरीचे पहिले चार सांधे झाले. साहेबांनी मुखवटा वर केला, घाम पुसला आणि बाजूला सरकले. बाईने छोटी हातोडी घेऊन सांध्यांवरची काळी खपली उडवली, खाली वाकली आणि बोट फिरवलं.

"दोन नापास," ती म्हणाली.

"नापास? कुठे?"

"हा वरून छान दिसतोय, आत पोकळ आहे. आणि ह्यात नळीला भोक पडलंय. कापा आणि परत करा."

"अहो, एवढ्याशा भोकाने काय होतंय?" साहेब म्हणाले. "त्यावर पाय ठेवायचाय, काही..."

आणि ते मध्येच थांबले. हे वाक्य कुठून आलं ते त्यांना कळलं. नुसत्या त्या प्लॅस्टिकवाल्याकडून नव्हे. एकतीस वर्षं प्रत्येक दुकानात, प्रत्येक काट्यापाशी, कोणी ना कोणी हे त्यांना म्हणत आलं होतं. काहींनी हात जोडून, काहींनी डोळ्यांत पाणी आणून. आणि त्यांनी मान हलवून शिक्का परत पिशवीत ठेवला होता. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ऐकणाऱ्याला तेव्हा काय वाटतं, हे त्यांना आज प्रथम कळत होतं. फार अन्याय झाल्यासारखं वाटतं.

"करवत कुठे आहे?" ते म्हणाले.

त्या दोन सांध्यांतला एक तीनदा नापास झाला. साहेब तीनदा भांडले. तिसऱ्या वेळी तर ते "तुमच्या वरचा अधिकारी कोण?" असंही म्हणाले. बाईने वर पत्र्याकडे बोट दाखवलं, तिथे एक मांजर झोपलं होतं. पण अकराव्या दिवशी अठरावा सांधा झाला. बाईने पायरी उचलून सिमेंटच्या जमिनीवर आपटली, तिच्यावर चढून दोन उड्या मारल्या, दांडा धरून हिसडला. मग खाली उतरून हातमोजा काढला आणि साहेबांचा हात हातात घेतला. "पास," ती म्हणाली. "दिसायला भयंकर आहे. पण पास." दाखल्यावर तिने तेवढंच लिहिलं.

पायरी घरी आली. तिच्या सांध्यांवर वाळलेल्या चिखलासारखे गोळे होते. काळा रंग दिला तरी ते लपले नाहीत. पण आई दांड्याला धरून उभी राहिली, पाय उचलला, वर चढली, वळली आणि पलंगावर बसली. कोणीही तिला हात लावला नाही.  ती नुसती बसून राहिली, पाय हलवत. मग म्हणाली, "आता सगळे बाहेर जा. मला पडायचंय." तिने दुपारभर झोप काढली, कितीतरी आठवड्यांनी, आडवी होऊन. साहेब दाराबाहेर उभे होते. आतून तिच्या घोरण्याचा आवाज आल्यावर ते तिथून हलले.

समितीची परवानगी त्यानंतर आठ दिवसांनी आली, दोन बादल्या वाळू आणि एक साक्षीदार या अटींवर. साहेबांनी ती फाईलला लावली.

आता खरं तर इथे संपायला हवं. पण पुढच्या मंगळवारी साहेब कचेरीतून लवकर घरी आले. बायकोही नेमकी त्याच वेळी जिन्यात भेटली. दार उघडून दोघं आत गेले, तर पलंगापाशी पायरी नव्हती. ती स्वयंपाकघरात उंच कपाटाला लावलेली होती आणि तिच्यावर आई उभी होती. एका हाताने दांडा धरलेला, दुसरा हात कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्यात मनगटापर्यंत. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून तो डबा मुद्दाम तिथे वर ठेवलेला होता. खाली रेडिओवाले काका उभे होते. पायरी उचलून आणायचं काम अर्थात त्यांचं. त्यांचं तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांना खुलासा करता येईना.

"आई!" बायको ओरडली. "या वयात! इतक्या उंच! पडलात म्हणजे? आणि काका, तुम्ही? तुम्हाला तरी काही कळतं का? अहो, बघताय काय नुसते? बोला ना काहीतरी!"

 साहेब जमिनीवर गुडघे टेकून, गाल फरशीला लावून, पायरीच्या पायांखालून बघत होते.

"आई," ते खालून म्हणाले, "जरा डावीकडे झुक बघू."

आई डावीकडे झुकली.

"आता उजवीकडे. जोरात."

आई उजवीकडे झुकली आणि जाता जाता आणखी एक बिस्कीट घेतलं.

"हललं का?"

"तसूभर नाही रे," आई म्हणाली.